मुद्देमाल किदलात

मी एक म्हातारा रेडा आहे. माझं नाव किदलात. आमच्या बेटांवरच्या भाषेत किदलात म्हणजे वीज. हे नाव मला थट्टेने ठेवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं, कारण माझ्या चालीत विजेसारखं काहीही नाही. मित्रांनो, आता मी नांगराला जात नाही. आंब्याखाली बसतो, रवंथ करतो, माशा हाकलतो. शेपटीला तेवढं काम आहे, बाकी मी रिकामाच. तेव्हा म्हटलं, तुम्हाला माझी हकीकत सांगावी. कोर्टाच्या पायरीपर्यंत जाऊन धडधाकट घरी परतलेला रेडा आमच्या पंचक्रोशीत मी एकटाच आहे, आणि त्याचा मला थोडा गर्व आहे.

माझा जन्म याच आंब्यामागच्या गोठ्यात झाला. माझी आई लोलो देन्स्योंच्या नांगराची. लोलो म्हणजे आजोबा. सगळं गाव त्यांना लोलो म्हणे आणि त्यांच्या बायकोला लोला पानिंग. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे लाड आणि शिव्या, दोन्ही माझ्या वाट्याला भरपूर आले. लोलोंनी मला चिखलणी शिकवली, बांध न मोडता वळायला शिकवलं आणि काम झाल्यावर डबक्यात मनसोक्त लोळू दिलं. आम्हा रेड्यांना घाम फारसा येत नाही, मित्रांनो. चिखल हाच आमचा पंखा आणि चिखल हेच आमचं पांघरूण. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट लोलोंनी शिकवली. मे महिन्यात आमच्याकडे सान इसिद्रोचा सण असतो. तो शेतकऱ्यांचा संत. त्या दिवशी गावोगावचे रेडे भादरून, तेल लावून, फुलं घालून चर्चसमोर नेतात आणि आम्ही तिथे पुढचे गुडघे टेकतो. बाकीचे लोक रेड्याच्या पायावर काठी मारून त्याला बसवतात. लोलोंनी काठी कधी लावली नाही. ते चर्चपुढे आले की डोक्यावरची गवताची टोपी काढून छातीशी धरायचे. मला वाटलं, टोपी निघाली की खाली वाकायचं असतं. म्हणून मी वाकलो. त्यांनी कौतुकाने केळं दिलं. झालं, तेव्हापासून टोपी निघाली की माझे गुडघे जमिनीला.

"रेड्याला बरं शिकवताय," लोला म्हणायची. "स्वतः कधी टेकलेत का गुडघे?"

"तुला मागणी घालायला आलो तेव्हा टेकले होते," लोलो म्हणायचे. "अजून उठायची परवानगी मिळाली नाही."

असे आमचे दिवस चालले होते. मग एका उन्हाळ्यात लोलो आजारी पडले आणि गेले. शेवटपर्यंत ते खिडकीतून माझ्याकडे बघत होते, एवढं मला आठवतं.

मातीच्या दिवशी झाडून सगळं गाव स्मशानात गेलं. आमच्यात घरी कुणी मागे राहत नाही. मी आंब्याला बांधलेला होतो. आमच्यात आणखी एक रीत आहे. माती देऊन सरळ घरी यायचं नसतं. वाटेत कुठेतरी थांबायचं, काहीतरी खायचं. नाहीतर गेलेल्याचा जीव मागोमाग घरी येतो म्हणतात. तर लोला आणि गावकरी नाक्यावरच्या खानावळीत थांबले, पान्सितच्या शेवया खाल्ल्या, सावकाश निघाले. ही रीत चोरांनाही ठाऊक होती. त्यांना भरदुपारी तेवढा वेळ पुरला. वेसण धरली की आमचं काही चालत नाही. मला ट्रकमध्ये चढवलं तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं.

पुढचे दिवस मी आठवत नाही, मला आठवायचेच नाहीत. दोमेंग नावाच्या माणसाच्या वाड्यात मला ठेवलं होतं. त्याने माझ्या पुठ्ठ्यावर लोलोंनी दिलेल्या डागावर दुसरा मोठा डाग दिला, म्हणजे पहिला ओळखू येऊ नये. ती आग कशी असते ते मी मुलांना सांगणार नाही. नंतर एक दिवस मला परत ट्रकमध्ये घातलं आणि पुढे केळीचे घड रचले.

मित्रांनो, इथे मला स्वतःची पाठ थोपटून घ्यायची आहे. मी घाबरलो होतो, पण भूकही लागली होती. मी केळी खायला सुरुवात केली. रस्त्यात पोलिसांचा नाका लागला. सार्जंट ओलिवा नावाचे एक ढेरपोटे गृहस्थ तिथे उभे होते. त्यांनी ट्रककडे बघितलं, मग केळीच्या घडांकडे बघितलं, आणि दोमेंगला म्हणाले, "तुझी केळी आपोआप कमी होतायत की काय रे?"

लोला चोरीच्याच संध्याकाळी, अंगावरचे काळे कपडे न बदलता, चौकीत जाऊन आली होती. सार्जंट ओलिवांना ती म्हातारी आठवली. त्यांनी घड बाजूला केले आणि मी त्यांच्याकडे तोंडात साल धरून बघितलं. त्या दिवसापासून माझं नाव बदललं. चौकीत मला कुणी किदलात म्हणेना. मी झालो मुद्देमाल.

चौकीच्या मागच्या अंगणात माझ्या शेजारी एक चेपलेली मोटरसायकल, दोन शिलाई मशिनं आणि एक देवाच्या मूर्तीची लाकडी पेटी होती. तेही सगळे मुद्देमाल. फरक एवढाच, की त्यांना भूक लागत नव्हती. सार्जंट ओलिवा रोज स्वतः गवत आणायचे, पाइपने मला आंघोळ घालायचे आणि कुरकुर करायचे, "वीस वर्षं नोकरी केली ती रेडा धुवायला." एकदा दावं सैल राहिलं तेव्हा मी त्यांच्या साहेबांनी लावलेली सगळी भाजी फस्त केली. साहेब संतापले. सार्जंट सरळ चेहऱ्याने म्हणाले, "साहेब, मुद्देमालाला मारता येत नाही. कोर्टाचा आहे." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

निरोप मिळताच लोला आली. डोक्यावर लोलोंची टोपी होती. मी असा रेकलो की चौकीतलं टंकलेखन थांबलं. लोला माझ्या कपाळाला कपाळ लावून उभी राहिली. नंतर तिने मागे जाऊन तो नवा डाग बघितला.

"मी शेवया खात होते रे," ती म्हणाली. "तुला नेत होते आणि मी तिकडे शेवया खात बसले होते."

"लोला, घरी न्यायची घाई करू नका," सार्जंट म्हणाले. "दोमेंग म्हणतोय रेडा त्याचाच. पुठ्ठ्यावर डागही त्याचाच दिसतोय. आता कोर्ट ठरवेल कुणाचा ते."

"आणि पाटाचं पाणी? ते कोर्टासाठी थांबणार आहे का?"

मित्रांनो, तिचं म्हणणं खरं होतं. लोलाचं एकच शेत. पाटाला पाणी ठरावीक दिवसच सुटतं. तेवढ्यात चिखलणी झाली नाही तर लावणी नाही, आणि लावणी नाही तर वर्षभर लोकांच्या दारात. शिवाय कोर्टाने मला दोमेंगचा ठरवला असता तर माझी रवानगी कुठे झाली असती, हे तुम्हाला सांगायला नको.

सरकारी वकिलांनी अर्ज केला. न्यायाधीश होत्या आल्वारानबाई. चष्मा नाकाच्या टोकावर आणि आवाज हळू. त्यांनी हुकूम दिला, की निकाल लागेपर्यंत रेडा म्हातारीने सांभाळावा आणि कोर्ट बोलावील तेव्हा हजर करावा. लोला इतकी हरखली की कोर्टातल्या पंख्यालासुद्धा तिने नमस्कार केला. मग कारकून बाहेर आला आणि त्याने माझ्या शिंगाला शिक्का मारलेली एक चिठ्ठी दोऱ्याने बांधली.

"आजी, ही जिवापाड सांभाळा," तो म्हणाला. "ही भिजली, फाटली, तर समोरचा वकील म्हणेल, हा तो रेडाच नव्हे. मग हातचा रेडा जाईल."

कारकून चांगल्या मनाने बोलला. पण त्याला काय ठाऊक, तो कुणाशी बोलतोय.

घरी आलो. डबक्याचा वास आला तसा मी धावलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा लोलाने माझी वेसण मागे ओढली. "चिखलात जायचं नाही. चिठ्ठी भिजेल." मला वाटलं, आजचा दिवस असेल. पण उद्याही तेच आणि परवाही तेच. ती तांब्याने माझ्या पाठीवर पाणी घाली, आणि दुसऱ्या हाताने माझ्या शिंगावर छत्री धरी. स्वतः उन्हात उभी, शिंग सावलीत. वारा सुटला की ती धावत येऊन चिठ्ठी हाताने झाकून उभी राही.

पाटाला पाणी सुटलं. शेजारचा मांग तिबो आमच्या बांधावर आला; आमच्याकडे मांग म्हणजे काका. हा माणूस लोलोंचा मित्र, जिभेला हाड नाही, पण मदतीला पहिला.

"काय लोला, जुंपायचं ना? मी धरतो नांगर."

"नको. चिखल उडेल."

"चिखलात चिखल उडणार नाही तर काय अत्तर उडेल?"

"तिबो, ही चिठ्ठी गेली तर रेडा गेला. एक साल उपाशी राहीन मी. पण देन्स्योचा रेडा परत जाऊ द्यायचा नाही."

मांग तिबोने माझ्याकडे बघितलं. "मजा आहे बाबा तुझी," तो म्हणाला. "सरकारी जावई झालास."

जावई कसला. माझी कातडी सुकली, पुढच्या गुडघ्यांवर भेगा पडल्या. मी दिवसभर धापा टाकत आंब्याखाली उभा राही. समोर पाण्याने भरलेलं आमचं शेत चमकत होतं, आणि त्यात दुसऱ्यांची बदकं पोहत होती. लोला त्या शेताकडे पाठ करून बसायची. मला तिचा राग येत नव्हता, मित्रांनो. तिच्याकडे आता माझ्याशिवाय लोलोंचं काही उरलं नव्हतं. आणि एकदा हातातून गेलेली वस्तू माणूस दुसऱ्यांदा कशी घट्ट धरतो, ते मी रोज बघत होतो.

मग तारीख आली. दोमेंगचा वकील म्हणाला, डाग आमचा, जनावर आमचं. लोला उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, डाग कुणीही देईल. माझ्या नवऱ्याने त्याला गुडघे टेकायला शिकवलंय. बाहेर या, दाखवते." आल्वारानबाई खरोखरच उठून बाहेर आल्या. मागोमाग वकील, कारकून, सार्जंट ओलिवा, सगळे अंगणात.

आधी दोमेंगला सांगितलं, तू टेकवून दाखव. त्याने वेसण ओढली, पायावर थापट्या मारल्या, बाबापुता केलं. मी ढिम्म हललो नाही. मग लोला समोर आली. तिने टोपी काढली आणि छातीशी धरली.

मी वाकलो, मित्रांनो. खरंच वाकलो. पण गुडघा जमिनीला लागला तशी भेग उघडली आणि अशी कळ गेली डोक्यात, की मी धडपडून परत उभा राहिलो. पुन्हा वाकलो, पुन्हा उठलो. वकील हसला. "बाईसाहेब, हा तर नुसता लंगडतोय," तो म्हणाला.

आल्वारानबाई पुढे आल्या. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि माझे गुडघे बघितले. मग माझी पाठ बघितली, मग शिंगावरची चिठ्ठी. चिठ्ठी अगदी कोरी करकरीत होती.

"आजी, हा चिखलात किती दिवस गेला नाही?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही दिलात तेव्हापासून नाही, बाई. चिठ्ठी भिजेल ना."

"आणि तुमचं शेत?"

"तसंच आहे."

"पाणी आलंय ना पाटाला?"

आमच्याबरोबर आलेला मांग तिबो मागून म्हणाला, "बाई, छत्री धरून उभी असते हो ती. रेड्यावर नाही, चिठ्ठीवर." कुणीतरी हसायला लागलं. आल्वारानबाईंनी नुसतं बघितलं आणि हसू थांबलं.

मग त्यांनी कारकुनाला हाक मारली. "रेड्याचे चारही बाजूंनी फोटो काढा. डागाचा जवळून काढा. फोटो आणि ती चिठ्ठी फायलीत लावा. शिंगावर काही नको." आणि लोलाकडे वळून म्हणाल्या, "आजी, माझा बाप शेतकरी होता. रेडा तुम्हाला सांभाळायला दिला तो वापरायला दिला. याला आधी डबक्यात सोडा, मग नांगराला जुंपा. लावणी झाली की पुढच्या तारखेला घेऊन या. चिखल लागलेला चालेल."

कारकुनाने दोरा कापला. माझं शिंग इतकं हलकं वाटलं की मी उगाच मान हलवून बघितली. लोला बाईंच्या पाया पडायला वाकली, तर बाईंनी तिला अर्ध्यात धरलं.

त्या दुपारी मी डबक्यात शिरलो तो नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून पडून राहिलो. लोला काठावर बसून रडत होती आणि हसतही होती. दुसऱ्या दिवशी मांग तिबोने नांगर धरला. पाणी ओसरायला थोडेच दिवस उरले होते. मी म्हातारपणाकडे झुकलेलो, तिबोही तसाच. आम्ही दोघांनी मिळून ते शेत कसं काढलं ते आमचं आम्हालाच ठाऊक. संध्याकाळी तिबो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "जावईबापू, शोभलात." सगळ्या गावाने रोपं आणली आणि लावणी उरकली. मोबदला म्हणून लोलाने मोठ्या पातेल्यात तांदळाची पेज केली, आलं घालून. मला त्यातलं काही मिळालं नाही, पण भाताची हिरवी रांग बघून पोट भरलं.

पुढच्या तारखेला मी चिखलासकट कोर्टात गेलो. माझे गुडघे भरून आले होते. लोलाने टोपी काढली, आणि मी अंगणात सगळ्यांसमोर पुढचे दोन्ही गुडघे टेकून मान खाली घातली. जागचा हललो नाही. चर्चचे पाद्रीबाबा साक्षीला आले होते. ते म्हणाले, "दरवर्षी माझ्या दारात टेकतो तोच हा." दोमेंगच्या वकिलाने फायलीत तोंड घातलं.

निकाल लागायला आणखी वेळ गेला. भात पोटरीला आलं होतं तेव्हा लागला. दोमेंगला शिक्षा झाली. आणि आल्वारानबाईंनी वाचून दाखवलं, की रेडा, नाव किदलात, त्याच्या मालकिणीला कायमचा परत द्यावा. कोर्टाच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकलं तेव्हा मला काय वाटलं म्हणून सांगू. इतके दिवस मी मुद्देमाल होतो. सार्जंट ओलिवांनी जाताना माझ्या तोंडात एक केळं कोंबलं आणि म्हणाले, "हे पुराव्यातलं नाही. माझं आहे."

मित्रांनो, तुम्हाला माझं एकच मागणं आहे. तुमच्या गावातल्या चौकीच्या अंगणात एखादी गंजलेली सायकल, एखादं शिलाई मशीन पडलेलं दिसलं तर त्याला भंगार म्हणू नका. कुणीतरी त्याची वाट बघत असतं. आणि ते घरी पोचवायला कुणी सार्जंट गवत आणतो, कुणी न्यायाधीश उन्हात अंगणात येऊन उभी राहते. त्यांची आठवण ठेवा. मी ठेवली आहे.

त्या दिवशी आम्ही चालत निघालो. लोला पुढे, मी मागे, मांग तिबो बाजूला. नाक्यावर खानावळ लागली. "लोला, शेवया खाऊन जाऊ," तिबो म्हणाला. "केस जिंकलीस." लोलाने नाही म्हणून मान हलवली आणि पुढे चालत राहिली. मग स्मशानाचं फाटक आलं. तिथे ती थांबली आणि तिने टोपी काढली. मला खूण म्हणून नव्हे. नवऱ्यासमोर काढली. पण माझे गुडघे ते काय ओळखणार. ते टेकले.

मग तिने माझ्या कपाळावर हात ठेवला.

"उठ किदलात," ती म्हणाली. "आज वाटेत कुठे थांबायचं नाही. सरळ घरी जायचं. त्याला यायचं असेल मागोमाग, तर येऊ दे."

आम्ही सरळ घरी आलो. लोलाने अंगणाचं फाटक लगेच लावलं नाही, थोडा वेळ उघडंच ठेवलं. मीही आंब्याखाली माझ्या जागी न जाता जरा बाजूला सरकून उभा राहिलो, यायला वाट ठेवून.